चौकटीतली लाल रेघ

“‘गाढव’ लिहिलंस का?” बाबांनी विचारलं.

“लिहिलं,” मी म्हटलं. लिहिलं होतं, ‘माझं मत थोडं वेगळं आहे’.

बाबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर पंप दुरुस्त केले. आता नजर अधू झाली, तर रहस्यकथांवरून वाद घालत बसतात. वाद गावातल्या एका निवृत्त हेडमास्तरांशी, वाचनालयाच्या वेबसाइटवर निरोप पाठवून. बाबा सांगायचे, मी टाइप करायची. तिकडे हेडमास्तरांचीही नजर अधू, त्यांचं त्यांची नात टाइप करायची. आम्ही दोघी मिळून भांडणातलं तिखटमीठ काढून टाकत होतो.

पण त्या दिवशी नवऱ्याने मी टाइप केलेला निरोप मोठ्याने वाचला. झालं! माझी चोरी पकडली गेली.

“भांडण माझं आणि जीभ तुझी होय गं? आता लिहीन तर स्वतः, नाहीतर नाहीच.”

आणि खरंच गप्प झाले. जेवताना मिठाची तक्रारसुद्धा नाही! या माणसाचं बोलणं बंद म्हणजे घर मुकं.

वाचनालयाची ती वेबसाइट मीच सांभाळते. पानांना कपडे चढवायचे, रंग, आकार, अंतर ठरवायचं, हाच माझा धंदा. हे ज्या संगणकी भाषेत लिहितात तिला सीएसएस म्हणतात. मी अक्षरं मोठी केली, निरोप लिहायची चौकट जाड केली आणि बाबांना बसवलं. त्यांनी एका बोटाने सुरुवात केली. एक अक्षर चुकलं, ते खोडायला गेले आणि भलतीच ओळ खोडून बसले.

“अक्षरं दिसतात गं,” ते कळवळून म्हणाले. “मी कुठे आहे तेच दिसत नाही.”

मी कपाळाला हात लावला. लिहिताना लुकलुकते ती बारीक उभी रेघ! अक्षरांच्याच रंगाची, काळ्यात काळी. तिचा रंग बदलता येतो का, हे मला, या धंद्यात केस पिकवलेल्या बाईला, शोधावं लागलं. येतो की! ‘कॅरेट-कलर’, म्हणजे त्या रेघेचाच रंग. कधी कोणी मागितला नाही, मीही वापरला नाही. एक ओळ लिहिली आणि रेघ लालभडक केली.

“आता बघा, बाबा.”

“कुठे?... अगं, ही काय नाचतेय!”

त्यांनी तिला मागे नेलं, पुढे आणलं, पुन्हा मागे नेलं. “चल गं बये, चल!” हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतका आनंद मला कुठल्याही मोठ्या कामाने दिला नव्हता.

“तू जा आता,” ते म्हणाले. “खांद्यावरून वाचायचं नाही.”

मी बाहेर आले. आतून एकेक बटण वाजत राहिलं.

संध्याकाळी हेडमास्तरांच्या नातीचा फोन आला. “काकू, काय केलंत हो? आजोबांनी मला खुर्चीवरून उठवलं. म्हणतात, रेघ दिसते, माझं मी लिहितो!”

तेवढ्यात बाबांच्या खोलीतून हसण्याचा गडगडाट झाला. मी धावतच गेले.

“काय लिहिलंय हेडमास्तरांनी?”

बाबांनी संगणकाचा पडदा झटकन आपल्याकडे वळवला.

“तुला गं कशाला नसत्या चौकशा? आमचं आमच्यात आहे.”