चिमटा लावलेला लॅपटॉप

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. जुना म्हटलं की लोक लगेच नाक मुरडतात, म्हणून आधीच सांगून ठेवतो, माझं डोकं अजून ठणठणीत आहे. बिघडली होती ती फक्त माझी स्क्रीन. ती लुकलुकायची. तेवढ्या लुकलुकण्यानं या घरात जे झालं, ते माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या माणसांनी मला जोडलं, पुसलं आणि खोक्यात घातलं. एक शब्द बोललं नाही कुणी माझ्याशी. खरा जीव आला तो ताईनं खोकं फोडलं तेव्हा. ताई म्हणजे या घरातली एकुलती एक लेक. कॉलेजसाठी मला घेतलं होतं. काय कौतुक होतं माझं तेव्हा! माझ्याजवळ चहाचा कप आणायचीसुद्धा मनाई होती. आणि बाबा, म्हणजे ताईचे वडील, जाता-येता माझ्या पाठीवर टिचकी मारून विचारायचे, "काय साहेब, झाला का अभ्यास?"

बाबांना बोलल्याशिवाय चैन पडत नसे. पडद्यांच्या कापडाच्या दुकानात ते विक्री करायचे. एका खिडकीचं कापड घ्यायला आलेलं गिऱ्हाईक चारी खिडक्यांचं घेऊन जायचं, वर हसत जायचं. घरी आले तरी तोंड चालूच. आई वैतागून म्हणायची, "अहो, जरा बंद करा तो रेडिओ! डोकं उठलं माझं."

मग बाबांचा घसा बसला. सर्दीचा असेल, बसला तसा उघडेल, असं सगळे म्हणत राहिले. तो उघडलाच नाही. आत गाठ निघाली, आणि ऑपरेशनमध्ये डॉक्टरांना आवाजाची पेटीच काढून टाकावी लागली. जीव वाचला, रेडिओ बंद झाला. दवाखान्यातून घरी आल्यावर पहिल्या दिवशी घरात इतकं शांत शांत होतं, की आई ओट्यापाशी उभी राहून रडली. "माझी मेलीची जीभच वाईट," म्हणत होती. "मीच सारखी बंद करा, बंद करा म्हणायचे."

कागदावर लिहावं तर बाबांचा हात थरथरायचा, अक्षर त्यांचं त्यांनाच लागत नसे. मोबाइलच्या बटणांवर बोट मावत नव्हतं. ताईला तोवर नोकरी लागली होती, तिच्याकडे नवा लॅपटॉप आला होता. तिनं मला बाबांच्या पुढ्यात ठेवलं, अक्षर खूप मोठं केलं आणि म्हणाली, "बाबा, आजपासून यात बोला."

मित्रांनो, त्या दिवशी मला जो मान मिळाला, तो कुठल्या नव्याकोऱ्या यंत्राला मिळाला नसेल. मी बाबांचा आवाज झालो! ते एका बोटानं टकटक करत ओळ लिहायचे, मग माझ्या स्क्रीनची कड धरून मला गर्रकन समोरच्याकडे वळवायचे. समोरचा वाचून "हो" म्हणाला, की मला परत आपल्याकडे वळवून ओळ पुसून टाकायचे. ताई म्हणाली, "पुसता कशाला? राहू दे की." तर त्यांनी लिहिलं, "बोललेलं कधी हवेत राहतं का गं?" चिडले की सगळं ठळक अक्षरात. दूधवाला मोठमोठ्यानं बोलायला लागला, तेव्हा त्याला वळवून दाखवलं, "घसा गेलाय. कान आहेत." आई कितीतरी दिवसांनी पोट धरून हसली.

पण दिवसभर स्क्रीन धरून मला फिरवायचं म्हणजे माझ्या बिजागरीचे हालच. आतली वायर पिळवटत गेली आणि स्क्रीन लुकलुकू लागली. आधी पापणी लवावी तशी, मग सारखीच. अर्धी ओळ दिसायची, अर्धी गडप. ताईनं बिजागरीपाशी कपडे वाळत घालायचा चिमटा लावला, की थोडा वेळ ठीक चालायचं. "दुरुस्तीला टाकते," असं ती दर आठवड्याला म्हणायची. आई आडवी यायची. "अगं, ते लोक चार-चार दिवस ठेवून घेतात. तेवढे दिवस यांनी बोलायचं कसं? चालतंय तोवर चालू दे." दोघींचा जीव होता हो त्यांच्यावर, म्हणूनच मी तसाच राहिलो.

आणि मग हळूहळू एक सवय लागली. बाबा मला वळवायचे, मी लुकलुकायचो. भाजी गॅसवर, दार वाजतंय, ऑफिसची घाई. स्क्रीनची लुकलुक थांबेपर्यंत उभं कोण राहणार? आई अंदाजानंच म्हणायची, "हो हो." ताईही म्हणायची, "हो बाबा, बघते." बाबा तेवढ्यावर ओळ पुसायचे. काय म्हणायचं होतं ते आईला बहुतेक वेळा बरोबर कळायचंही. इतक्या वर्षांचा संसार, पाणी हवंय की पंखा, हे चेहऱ्यावरूनच ओळखायची.

त्या दुपारी ताई ऑफिसला गेली होती. आईनं चादर धुतली होती आणि वारा होता, म्हणून माझा चिमटा काढून तिनं दोरीला लावला होता. बाबा खुर्चीत बसले होते. चेहरा उतरलेला होता, एक हात छातीवर होता. ते खूप वेळ कळा दाबत होते. पुसत होते, पुन्हा लिहीत होते. शेवटी एवढंच ठेवलं:

"आज कुठे जाऊ नको. जरा माझ्याजवळ बस."

आणि मला वळवलं. आई पिशवी घेऊन दारातच होती. मी जीव तोडून स्थिर राहायचा प्रयत्न केला हो! पण माझ्यात ते कुठलं? काच नुसती फडफडली. आदल्या दिवशी बाबांनी मऊ पपई मिळाली तर बघ म्हणून लिहिलं होतं, तेच आईच्या मनात होतं.

"हो हो, आणते," ती म्हणाली. "पिकलेली बघूनच आणते."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. पुन्हा माझी कड धरण्यासाठी हात उचलला आणि तो तसाच खाली ठेवला. दार लागलं. त्यांनी मला आपल्याकडे वळवलं आणि सवयीप्रमाणे ओळ पुसून टाकली.

आई परत आली तेव्हा ते खुर्चीतच होते, पण नव्हते.

भेटायला येणारा प्रत्येक जण विचारायचा, शेवटचं काही बोलले का? आई सांगायची, "पपई मागितली हो. मी आणायला गेले आणि तेवढ्यात… तेवढीसुद्धा पुरवता नाही आली मला." आणि मी कपाटावर, चादरीखाली, गप्प. तिला खरं कळायला हवं होतं, की न कळलेलंच बरं, हे मला अजून ठरवता येत नाही. फार वाईट वाटतं एवढं खरं.

बरेच महिने धूळ खात पडलो. मग एका रविवारी आईच म्हणाली, "तो त्यांचा आवाज आहे गं. असा पडू देऊ नको." ताईनं मला दुरुस्तीच्या दुकानात नेलं. तिथल्या बाईंनी भिंग लावून माझी बिजागरी उघडली, वायर बदलली आणि लगेच मला ताईच्या हातात दिलं.

"झालं?" ताईनं विचारलं. "ठेवून नाही घ्यायचा?"

"छे हो, तासाभराचं काम. आधी का नाही आणलात?"

ताईनं पैसे दिले. घरी येईपर्यंत तिनं मला छातीशी धरलं होतं.

संध्याकाळी आईनं मला त्याच टेबलावर उघडलं. कोरं पान होतं, चिमटा नव्हता, आणि स्क्रीन जराही हलत नव्हती. आईनं आयुष्यात कधी माझ्यावर लिहिलं नव्हतं. एक एक कळ शोधत, एका बोटानं तिनं लिहिलं, "पपई आणली होती हो." मग स्क्रीनची कड धरून, अगदी बाबांसारखं, मला रिकाम्या खुर्चीकडे वळवलं.

ती ओळ तिनं पुसली नाही. अजून आहे माझ्याकडे.

मित्रांनो, लॅपटॉप स्क्रीनला धरून फिरवू नका, खालून दोन्ही हातांनी उचला. आणि तो लुकलुकायला लागला, तर चालतंय तोवर चालू दे, असं म्हणू नका. तुमच्याकडे वळून कुणी काही सांगत असेल, तर गॅसवरची भाजी करपू द्या, दार वाजत राहू द्या. नीट दिसलं नाही तर सरळ म्हणा, "थांबा, मला वाचता आलं नाही, पुन्हा सांगा." आईनं तेवढं म्हटलं असतं, तर बाबांनी पुन्हा लिहिलं असतं.