दहाव्याचा रणगोजा

बाबांच्या दहाव्याला कावळा आला नाही. येणार कुठून? शहराबाहेरच्या त्या माळावर धड झाड नव्हतं. दगड, खुरटी झुडपं आणि तळ्याच्या नावाखाली चिखल. पिंडाला मुंग्या लागल्या, तरी आम्ही हात जोडून आभाळाकडे बघत बसलेलो. जिवंतपणी बाबा कुणाच्या हाकेला आले नाहीत, मेल्यावर काय येणार?

"इच्छा राहिली असेल काही. बोला," गुरुजी म्हणाले.

मी मुलगी, म्हणजे बिनकामाची. बोलायचं ते समरजीतदादाने. हा गुडगावहून आलेला, संध्याकाळच्या गाडीने परत निघणारा. दर्पण कॉलनीतलं घर विकून आईला बरोबर न्यायचं, हे त्याने राख निवायच्या आधीच ठरवलं होतं; घराच्या किल्ल्याही स्वतःच्या खिशात घातल्या होत्या. आईला विचारतो कोण?

"बाबा, वर्षश्राद्ध थाटात करीन."

कावळा नाही.

"बरं, आईला तिच्या घरातून हलवणार नाही. अब तो आ जाओ."

समोरच्या दगडावर एक पक्षी उतरला. चिमणीपेक्षा जरा मोठा, अंग वाळूच्या रंगाचं, गळा आणि शेपटी काळीभोर. रणगोजा. हिवाळ्यात लांबून येतो आणि हिरवळ सोडून नेमका असला ओसाड माळ गाठतो. दगडावर बसून शेपटी हलवायची, किडा दिसला की तुरुतुरु धावायचं, टिपायचं, पुन्हा दगडावर. भाताशी त्याला देणंघेणं नाही. पण पिंडावरची मुंगी टिपताना चोच भाताला लागली.

"शिवला," दादा उठलाच. "चला, हो गया."

"हा कावळा नाही," गुरुजी म्हणाले. "दर्भाचा कावळा करून शिववू."

"त्यात अजून वेळ जाईल. काळा आहे ना थोडा? बाबाच आले समजा."

"बाबा आले म्हणतोस?" आईने विचारलं.

"हां आई, तेच."

"मग त्यांनी ऐकलं. मी घरातच राहीन."

"अगं, वो तो बस बोलने के लिए..."

"पितरांपुढे तोंडदेखलं बोलतात होय रे? गुरुजी, शिवला की नाही?"

गुरुजींना भूक लागली होती. "शिवला," ते म्हणाले.

दादाने खडा उचलून पक्ष्यावर भिरकावला. रणगोजा चार दगड पलीकडे जाऊन शेपटी हलवत बसला.

आईने दादापुढे हात पसरला. "घराच्या किल्ल्या दे."