लवूने बसवलेला बॉक्स

एक्केचाळिसाव्या वर्षी आम्रपाली तांबेने टूरिंगची मोटारसायकल घेतली, तेव्हा रत्नागिरीतल्या तिच्या गल्लीत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, मास्तरणीचं डोकं फिरलं. दुसऱ्याचं म्हणणं, ते आधीच फिरलेलं होतं, आता त्याला चाकं आली एवढंच.

आम्रपाली एका हायस्कुलात नववीला विज्ञान शिकवायची. गुरुत्वमध्य ती फळ्यावर झकास काढायची. पण गाडीच्या मागे सामानाचा बॉक्स बसवून घेताना तिने रंग पाहिला, कुलूप पाहिलं, लाल दिव्याची पट्टी पाहिली आणि गुरुत्वमध्य तेवढा विसरली. दुकानदाराने बॉक्स कॅरिअरच्या पार शेपटाकडे ठेवला, खालून चार क्लॅम्प आवळले, वरून दोन थापा मारल्या आणि सांगितलं, काय होत नाय मॅडम. हे वाक्य कानावर पडलं की शहाण्या माणसाने दोन पावलं मागे सरावं. आम्रपालीने गाडीला किक नसल्यामुळे बटण दाबलं आणि निघाली.

पंधराव्या दिवशी, शाळा सुटायच्या वेळेला, मारुती मंदिराच्या अलीकडच्या स्पीडब्रेकरवर बॉक्स गाडीला सोडून गेला. आत चाचणीचे तपासलेले पेपर होते. झाकण उघडलं आणि नववी ब ची सगळी अब्रू रस्त्यावर उडाली. मुलांनी पेपर गोळा करायला फार मनापासून मदत केली. काहींनी तर आधी गुण वाचून दाखवले आणि मग परत दिले. अठ्ठेचाळीस पेपरांपैकी सेहेचाळीस मिळाले. जे दोन सापडले नाहीत ते वर्गातल्या सगळ्यात ढ दोघांचे होते, हा योगायोग म्हणायचा की कसं, ते आम्रपालीने ठरवलं नाही. तिने त्या दोघांना नुसतं पास केलं.

घरी आई होती, सुंदराबाई, वय वर्षं सत्तर. तिला बॉक्स पडल्याचं वाईट वाटलं ते वेगळ्याच कारणाने. वीस मार्चला महाडला चवदार तळ्यावर जायचं होतं. दरवर्षी गल्लीतली मंडळी टेंपो करून जायची. टेंपोत बारा बायका, बारा डबे, आणि घाट आला की बाराजणींच्या पोटातलं सगळं बाहेर. या वर्षी सुंदराबाईने मनाशी ठरवून ठेवलं होतं की आपण लेकीच्या मागे बसायचं आणि पाठ बॉक्सला टेकायची. आता टेकायचं कशाला, हा तिचा प्रश्न होता.

डोंबिवलीहून मुलाचा, दीपेशचा, फोन आला. त्याने आईला वय सांगितलं, हाडांचं कॅल्शियम सांगितलं, महामार्गावरचे खड्डे सांगितले. सुंदराबाईने सगळं ऐकून घेतलं आणि त्याला विचारलं की तो गेल्या वर्षी महाडला का आला नव्हता. मग फोनच कट झाला.

आम्रपाली बॉक्स घेऊन मिरकरवाड्याला लवूकडे गेली ती शाळेतल्या शिपायाच्या सांगण्यावरून. लवू मासेमारीच्या लाँचवर इंजिनं आणि जाळी ओढायची विंच बसवून द्यायचा. त्याच्या शेडमध्ये डिझेल आणि बांगड्याचा असा मिळून वास यायचा की पहिल्यांदा येणाऱ्याला त्यातलं कुठलं आधी सोसावं ते कळत नसे. मोटारसायकलच्या कामाला त्याने आधी नाही म्हटलं. मग त्याने दुकानदाराचे क्लॅम्प हातात घेऊन पाहिले, आणि त्याचा चेहरा असा झाला की एखाद्याने त्याच्या आईला शिवी दिली असावी.

"ह्यानी भाजीची पिशवी पन नाय राह्यची," तो म्हणाला.

मग तो काम करता करता बोलत राहिला. बोल्ट कधी वजनाने सुटत नाही, थरथरीने सुटतो, हे तो समुद्रावर शिकला होता. विंच टनभर ओढते ती जागची हलत नाही, पण इंजिनाची बारीक थरथर रात्रंदिवस नटाला फिरवत बसते. म्हणून त्याने आत नायलॉनची कडी असलेले नवे लॉकनट काढले. जुने परत लावायचे नाहीत म्हणाला, एकदा सैल झालेला नायलॉन परत धरत नाही. कॅरिअरच्या खालून त्याने स्टेनलेसच्या दोन जाड पट्ट्या आडव्या घातल्या, म्हणजे ओढ चार भोकांवर न येता सगळ्या कॅरिअरवर पसरेल. प्लेट आणि कॅरिअरच्या मध्ये रबर घातलं. आणि सगळ्यात आधी बॉक्स चार बोटं पुढे घेतला. मागच्या चाकाच्या पलीकडे वजन लोंबलं की गाडीचं पुढचं चाक हलकं होतं, असं तो सांगायला लागला, तेव्हा नववीच्या विज्ञानाची शिक्षिका मान खाली घालून उभी होती.

शेवटी त्याने प्रत्येक नटावरून बोल्टपर्यंत पांढऱ्या ऑइलपेंटची एक रेघ ओढली. रेघ तुटली तर नट फिरला असं समजायचं. पन्नास किलोमीटरवर एकदा बघायचं. मग आम्रपालीला बॉक्स दोन्ही हातांनी धरून हलवायला लावला. बॉक्सबरोबर अख्खी गाडी हलली. लवूने मान डोलावली. असंच हवं, नुसता बॉक्स हलला तर तो सुटायच्या वाटेवर आहे.

त्याने आणखी एक सांगितलं. कॅरिअरवर सात किलो कोरलंय, तेवढंच घालायचं. आणि बॉक्सला पाठ लावायची, पण अंग टाकायचं नाही.

हे सुंदराबाईच्या कानावर घातलं तेव्हा ती म्हणाली, "सत्तर वर्षा कशाला टेकले नाय मी. आता मरताना टेकतेय काय?"

वीस मार्चला पहाटे ती अंगणातल्या चिऱ्यावर चढून गाडीवर बसली. पांढरं पातळ, आत लेकीची ट्रॅकपँट, डोक्यावर हेल्मेट. शेजारची सगुणा बघायला बाहेर आली होती. तिने सुंदराबाईला विचारलं की पिझ्झा कुठे पोचवायचाय. सुंदराबाईने तिला काय उत्तर दिलं ते हेल्मेटच्या आतच राहिलं, आणि बरंच झालं.

संगमेश्वरला आम्रपालीने खाली वाकून बघितलं. चारही रेघा जिथल्या तिथे. चिपळूणला परत बघितलं, तशाच. सुंदराबाई कशेडी घाट येईपर्यंत काही बोलली नाही, आणि आई इतका वेळ गप्प आहे या गोष्टीने आम्रपालीला बॉक्सपेक्षा जास्त घोर लागला. तिने गाडी थांबवून विचारलं, तर आई म्हणाली, बघतेय. टेंपोतून कधी काय दिसला नव्हता.

महाडला माणसांचा समुद्र होता. तळ्याला वळसा घातला, ओंजळीने पाणी डोळ्यांना लावलं. भाषणं सुरू झाल्यावर सुंदराबाई पुस्तकांच्या स्टॉलकडे वळली. ती बावन्नाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात वाचायला शिकली होती आणि तेव्हापासून बोट ठेवून, ओठ हलवून, जे मिळेल ते वाचायची. तिथे चळवळीच्या इतिहासाचे सात खंड होते, एकेक उशीएवढा जाड. तिने सातही घेतले.

आम्रपालीने शेजारच्या कलिंगडवाल्याच्या काट्यावर ते ठेवले. पावणेबारा किलो भरले. बॉक्समधला रेनकोट आणि पाण्याच्या बाटल्या बाहेर काढल्या तरी सात किलोंत चारपेक्षा जास्त खंड जाणार नव्हते. तिने आईला सांगितलं की चार घेऊ, तीन पुढच्या वर्षी.

"कुर्ल्याचे पाय तोडून कोन घरी नेतो काय?" सुंदराबाईने खेकड्याचा दाखला दिला.

मग आम्रपाली चिडली. तुला आणायला म्हणून एवढा खटाटोप केला, लवूच्या पाया पडले, भावाची बोलणी खाल्ली. सुंदराबाईने ते शांतपणे ऐकलं, पुस्तकांकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि सांगून टाकलं की ती टेंपोतून परत जाणार. तीन खंड तिच्या जागी बसवायचे.

आम्रपालीला ते लागलं. तिला वाटलं, आई आपल्यावर रागावली, किंवा भ्याली. तिने पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा सुंदराबाईने तिला बाजूला ओढलं आणि हळू आवाजात म्हणाली, "माझा बूड फुटला गो. पुस्तकांना बूड नाय, ती बसतील."

हसावं की रडावं ते आम्रपालीला कळेना. तिने हसून घेतलं. तीन खंड प्लास्टिकमध्ये गुंडाळून तिने सीटवर पट्ट्यांनी आवळले आणि दोन्ही हातांनी हलवून पाहिले. पुस्तकांबरोबर गाडी हलली. सुंदराबाई टेंपोत चढताना खिडकीजवळची जागा मागत होती आणि ज्या बाईने ती आधी धरली होती तिला स्वतःचं वय सांगत होती.

परतीच्या वाटेवर फोन तीनदा वाजला. तिन्ही वेळा आईचा. पुस्तकं नीट आहेत काय, एवढंच विचारून तिने ठेवून दिला.

खेडला आम्रपाली चहाला थांबली. टपरीवाला दामोदर नावाचा म्हातारा होता. गाडीकडे बघून त्याने विचारलं की कुठली डिलिव्हरी. तिने वाद न घालता बॉक्स उघडून दाखवला. त्याने हात पुसले, एक खंड काढला, मधूनच उघडला आणि चहा उकळेपर्यंत जरा बघतो म्हणाला. चहा उकळला, उतू गेला, गॅसही विझला. म्हातारा मोठ्याने वाचत होता, अडखळत, जोडाक्षरापाशी थांबून परत मागे येत.

तेवढ्यात रस्त्यावरून गल्लीचा टेंपो गेला. आत कोणीतरी माइकवरून गाणं म्हणत होतं आणि आवाज आईचा होता. आम्रपालीने हात केला. टेंपो थांबला नाही.

तिने टपरीचा गॅस स्वतःच परत पेटवला आणि म्हाताऱ्याला ते पान संपवू दिलं.