तीन तोंडांचा चंबू आणि जांभळी पूड

मी एक जुना काचेचा चंबू आहे. पोट गोल, पाच लिटरचं, आणि वर तीन तोंडं. मित्रांनो, तुम्ही एका तोंडाने एवढी बडबड करता, मग माझी तक्रार थोडी लांबली तर रागावू नका.

मला काचकाम करणाऱ्या काकांनी भट्टीजवळ बसून, गाल फुगवून, फुंकून घडवलं. तिसरं तोंड जोडताना त्यांना नेमकी शिंक आली आणि ते जरासं तिरपं बसलं. काकांनी मला उजेडात धरून निरखलं आणि म्हणाले, "राहू दे. दृष्ट लागायची नाही." मला ते तोंड कधीच आवडलं नाही. बाकीचे चंबू मला हसायचे.

मी आलो ते सुगंधी द्रव्यांच्या एका कारखान्यात, वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत. तिथे ताई काम करायची. सगळे तिला ताईच म्हणत, तिच्या दुप्पट वयाचे मोठे साहेबसुद्धा. कस्तुरीचा वास ज्या रेणूला येतो तो बांगडीसारखा गोल असतो. पूर्वी त्यासाठी हरणं मारत. ती मरू नयेत म्हणून ताई तोच वास काचेत बनवू पाहत होती. लांब साखळीसारखा रेणू घ्यायचा आणि त्याची दोन टोकं एकमेकांना जोडून बांगडी करायची, एवढंच काम. पण ते टोकाला टोक भेटणं म्हणजे महाकर्मकठीण. जुन्या पद्धतीने महिनोन्‌महिने राबावं तेव्हा तळाशी चमचाभर तेल जमायचं. तरी ते माझ्याच पोटात जमायचं! ताई मला हाताने पुसायची आणि म्हणायची, "माझा भरवसा आहे हो तुझ्यावर." ते दिवस माझे होते.

मग ती आली. बर्फाच्या पिशव्यांत गुंडाळलेली, बोटाएवढ्या कुपीतली, जांभळी पूड. रुथेनियम नावाच्या धातूपासून केलेला उत्प्रेरक. तिच्यासाठी फ्रिजमधला अख्खा कप्पा रिकामा केला. तिला हवा लागू नये, ऊन लागू नये, ओल लागू नये. मी म्हणे उघड्या फळीवर, आणि ही महाराणी गारव्यात! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

तिचं काम काय, ते ताईने साहेबांना समजावलं तेव्हा मी कान देऊन ऐकलं. साखळीच्या दोन्ही टोकांना कार्बनच्या जोड्या असतात. जोडीतले दोघे एकमेकांचे दोन्ही हात घट्ट धरून उभे, त्यालाच दुहेरी बंध म्हणतात. ही पूड मध्ये शिरते, एका जोडीचे हात सोडवते, दुसऱ्या जोडीचे सोडवते आणि नव्या जोड्या लावून देते. दोन टोकांचे कार्बन एकमेकांना मिळाले की बांगडी तयार. उरलेले दोघे बाहेरचे कार्बन आपसांत हात धरून वायू होऊन निघून जातात. म्हणजे काय, तर लग्न जुळवणारी मध्यस्थ! आणि मांडव कोणाचा? माझा. पण मांडवाला कोण विचारतं?

"ताई, आता या भोपळ्याचं काय काम?" साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले. "अडगळ नुसती. पूड असली की कशातही होईल."

भोपळा! मला! ताई काही तरी बोलेल म्हणून मी वाट पाहिली. ती कुपीवरची चिठ्ठी वाचण्यात गुंग होती.

मला कपाटाच्या डोक्यावर चढवलं. काचेची भांडी धुणाऱ्या मावशींना माझी दया आली असावी. त्यांनी माझ्यात पाणी ओतून मनी प्लांटची एक फांदी खोचली. मित्रांनो, ज्याच्या पोटात कस्तुरी घडली त्याच्या पोटात मुळं वळवळू लागली. वरून मला सगळं दिसायचं. सकाळी आल्या आल्या ताई आधी फ्रिज उघडायची, कुपी आहे ना ते बघायची, मग पर्स ठेवायची. मी जळून खाक व्हायचो. काच होतो म्हणून धूर दिसला नाही.

तेवढ्यात साहेबांनी सांगून टाकलं, "ताई, वरून दट्ट्या आलाय. या खेपेला बांगडी जमली नाही तर ही खोली बंद. तुम्ही खाली साबणाच्या विभागात, फेस तपासायला." ताईचा चेहरा उतरला. सगळा उन्हाळा खपून तिने साखळीचा माल तयार केला होता. तो संपला की पुन्हा करायला वेळ नव्हता.

तिने अर्धा माल घेतला. एक नवा कोरा, छोटा चंबू घेतला. पुडीला हवा लागेल या धास्तीने त्याला घट्ट बूच मारलं, वर फीत गुंडाळली. तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळावं इतकी काळजी! दुसऱ्या दिवशी बूच काढलं तर आत चिकट, पिवळट डिंक. वास कसला? जळक्या मेणबत्तीचा.

खोटं कशाला बोलू, मला उकळ्या फुटल्या. झाली ना फजिती तुमच्या महाराणीची!

पण मग ताई स्टुलावर बसली. उरलेल्या अर्ध्या मालाची बाटली तिने मांडीवर धरली होती. मावशी चहा घेऊन आल्या तर म्हणाली, "मावशी, साबणाच्या फेसात काय बघतात हो?" आणि रडायलाच लागली. मावशी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. माझ्या उकळ्या विरल्या.

चहा गार झाला तरी ताई विचार करत होती. मग एकदम उठून म्हणाली, "किती लाड केले मी तिचे! बूच मारलं, तर तो वायू जाणार कुठे? बाहेर पडायला वाट नाही, म्हणून परत येऊन पुन्हा त्याच जोड्या मोडत बसला. आणि एवढ्याशा जागेत एवढी गर्दी केली, तर साखळी स्वतःचं टोक कशाला शोधेल? शेजारणीचंच धरणार." तिने वर बघितलं. "जुन्या पद्धतीत आपण जागा किती द्यायचो! मावशी, तो भोपळा खाली काढा."

त्या हाकेत भोपळा हे नावसुद्धा मला गोड लागलं.

मावशींनी मुळं उपटली, मला आतून घासलं, वाळवलं. माझं पोट द्रावकाने भरलं. मधल्या तोंडातून ढवळणारं पातं आलं. दुसऱ्या तोंडातून माल थेंब थेंब पडू लागला आणि त्याच तोंडाच्या कडेला वायूला बाहेर जायची वाट ठेवली. राहिली नायट्रोजनची नळी. तिचे बुडबुडे वायूला हाकलणार होते, पण ती सरळ खाली सोडली तर पात्यावर आपटली असती. ताईने ती माझ्या तिरप्या तोंडातून घातली. नळी पात्याला चुकवून, बाजूने, बरोबर तळाशी टेकली. काका, तुमच्या शिंकेचे उपकार!

मग जांभळी पूड माझ्यात उतरली. इतके दिवस जिचा मत्सर केला, ती माझ्याच पोटात. बुडबुडे वर येत होते, वायू निघून जात होता, आणि ती एकेका साखळीपाशी जाऊन हात सोडवत होती, जोडत होती. राबता राबता तिचा रंग उतरू लागला. जांभळा गेला, तपकिरी झाला. शेवटी तिचा नुसता गाळ उरला. तो गाळून टाकून दिला, द्रावक उडवून तेल वेगळं केलं, आणि त्यानंतर ताईने कागदाची पट्टी तेलात बुडवून नाकाशी नेली. तिने डोळे मिटले. सगळ्या खोलीभर कस्तुरी दरवळली. तो वास घ्यायला पूड काही उरली नव्हती.

साहेब धावत आले. पट्टी हुंगून म्हणाले, "ताई, साबण गेला खड्ड्यात! फोटो काढा!" फोटोत ताईच्या हातात काय होतं सांगू? रिकामी कुपी. मी मागे, धूसर. साहेब मात्र जाता जाता म्हणाले, "या भोपळ्याला कोणी धक्का लावू नका हं."

आता मी खालच्या फळीवर असतो, मऊ फडक्यावर. मित्रांनो, वस्तू वापरली की धुवा, पुसा, जागेवर ठेवा. आणि कोणाचं कौतुक करायला गोळा व्हाल, तेव्हा मागे धूसर कोण उभा आहे तेही बघा. पुडीबद्दल माझ्या मनात आता काही नाही. बिचारी कामात संपली.

फक्त ती रिकामी कुपी ताईने फेकली नाही. मावशींनी माझ्यातून उपटलेल्या फांदीचं एक पान तिच्यात घालून ती खिडकीत ठेवलीय, उन्हात. आणि सकाळी आल्या आल्या ताई आधी तिला पाणी घालते, मग माझ्याकडे येते.