ठेच्याचा पिझ्झा

हरिबांनी दुकानाच्या दारात चपला काढल्या, तेव्हा जावई गडबडला. "मामा, राहू द्या की पायात. हाटेल हाय हे," संपत म्हणाला. हरिबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि अनवाणीच आत येऊन पंख्याखाली बसले. मागोमाग गिताबाईंनीही चपला काढल्या, नवऱ्यानं काढल्या म्हणून. शेजारच्या टेबलावर पहिली पाळी सुटून आलेले कंपनीतले दोघं बूट घालून खात होते, ते बघतच राहिले.

कुरकुंभजवळचं हे चार टेबलांचं पिझ्झाचं दुकान धनश्री आणि संपत चालवतात. दोन वर्षांपूर्वी धनश्रीनं जातीबाहेरच्या संपतशी कोर्टात लग्न केलं, त्या दिवशी हरिबांनी भांडगावात चारचौघांसमोर सांगून टाकलं की आपल्याला लेक नाही. माणूस शब्दाचा पक्का. अशा माणसाचं गावाला कौतुक असतं आणि घरच्यांना जाच. आज सकाळी गिताबाईंनी चूल पेटवायचंच नाकारलं. लेकीकडे नेणार नसाल तर मी एकटी जाते म्हणाल्या, तेव्हा कुठं हरिबांनी मोटारसायकल काढली.

पिझ्झा धनश्रीनं स्वतः केला. आबांना आवडतो म्हणून सॉसऐवजी लसणाचा ठेचा लावला, वर कांदा, मका आणि चीज. आबा जेवले तर सगळं मिटलं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. न जेवता उठले तर पुन्हा कधीच येणार नाहीत, अशी भीती होती.

तिनं ताट पुढं ठेवलं. हरिबा त्याच्याकडे पाहत राहिले. ठेच्याचा वास त्यांना लागला होता, पण हात मांडीवरून हलले नाहीत. संपतनं ठेवलेल्या पाण्यालाही त्यांनी बोट लावलं नाही. शेवटी गिताबाईंनीच धीर करून एक तुकडा उचलला. तो तोंडाशी जायच्या आत हरिबांनी त्यांचं मनगट धरलं.

"ठेव खाली."

गिताबाईंनी तुकडा ठेवला. शेजारचे दोघंही खायचे थांबले. एवढा अपमान करायचा होता तर आलेच कशाला, असं धनश्रीला वाटून गेलं.

संपतला राहवलं नाही. "मामा, राग हाय तर माझ्यावर काढा. तुमी येनार म्हनून सकाळधरनं उपाशी हाय ती."

"राग न्हाई." हरिबा ताटाकडे बघतच बोलले. "नातवंड झाल्याबिगर लेकीच्या घरचं खात न्हाईत. हिला म्हायती हाय, तरी हात घालती."

गिताबाईंनी पदर तोंडाला लावला. ही रीत धनश्रीच्या आजोबांनी पाळली होती, गावात अजून कितीतरी घरं पाळतात. पण ती पाळायला आधी लेक असावी लागते.

हरिबांनी ताट तिच्याकडे सरकवलं. "तू खा. निवाया लागलं."

ती समोर बसून खाऊ लागली. चीजची तार हनुवटीवर लोंबली, तशी त्यांनी खांद्यावरच्या पंच्यानं पुसली, ती लहान असताना पुसायचे तशीच. शेवटचा तुकडा संपेपर्यंत ते उठले नाहीत.

मग चपला घालून दोघं उपाशीपोटीच भांडगावला निघाले. घरी चूल अजून पेटायची होती.