दुधात पडलेला कॅमेरा

मोहनरावांच्या घरात कुलूप लावावं अशी वस्तू एकच होती, ती म्हणजे पाण्याचा ड्रम. कपाटाची किल्ली कधीच हरवली होती, आणि शोधत बसावं असं कपाटात काही नव्हतं. ड्रमला मात्र चांगलं पितळी कुलूप होतं आणि त्याच्या दोन किल्ल्या, नवरा-बायकोकडे एकेक. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं आणि गावात सोनं चोरणारा माणूस मागासलेला समजला जाऊ लागला होता.

गाव लिंबागणेशच्या पुढचं. टँकर दोन दिवसांआड यायचा आणि त्याची रांग लावायचं काम मोहनरावांकडे होतं. तसे ते गावच्या दूध संस्थेचे चेरमन, पण ती चेरमनकी दोन गटांच्या भांडणात मधल्या माणसाला मिळते तशी मिळालेली. ग्रामपंचायतीला ते दोनदा पडले होते, साखर कारखान्याला एकदा. रांग मात्र त्यांनी स्वतः कमावलेली. ते टँकरपाशी उभे राहिले की बायांची भांडणं थांबत, आणि कोणाचा हंडा कोणाच्या पुढे हे ते सांगतील तसं गाव ऐकायचं. एवढा एकच मान त्यांना गावाने मनापासून दिला होता. गेल्या सभेत ते म्हणाले होते, "जावई येवो न्हाईतर कलेक्टर, रांग ती रांग." टाळ्या पडल्या. कलेक्टर काही येणार नव्हते, पण जावई येणार होता, हे बोलताना त्यांच्या ध्यानात राहिलं नाही.

अधिक महिना लागला होता. या महिन्यात जावयाला धोंडे खायला बोलवायचं, त्याचे पाय धुवायचे आणि वाण द्यायचं, हे काही दुष्काळाला विचारून ठरत नाही. त्यातून लेकीच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक. जावई हेमंत पुण्याहून आठवड्याची रजा काढून आला. तिथे तो एका कंपनीत काय करतो हे त्याने मोहनरावांना दोनदा समजावून सांगितलं होतं आणि दोन्ही वेळा मोहनरावांनी मान डोलावली होती. पोरगा स्वभावाने गरीब. गळ्यात मात्र सतत एक काळा, जाडजूड कॅमेरा. पगारातून पैसे साठवून घेतलेला. लग्नानंतर गोव्याला नेला, समुद्रात उभं राहून फोटो काढले, तरी एक थेंब लागू दिला नाही, असं रजा न मिळाल्याने पुण्यातच राहिलेली लेक फोनवर कौतुकाने सांगत होती.

इथे आल्यावर हेमंतने भेगाळलेल्या जमिनीचे फोटो काढले, वाळलेल्या मोसंबीचे काढले, आणि कोरड्या विहिरीचे तर इतके काढले की पाणी होतं तेव्हाही तिच्याकडे कोणी एवढं निरखून पाहिलं नव्हतं. गल्लीतली पोरं कॅमेऱ्याभोवती जमू लागली. कोणी बटण दाबी, कोणी काचेवर बोट ठेवी. तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे सुभद्राबाईंनी, तो आपल्या ताब्यात घेतला.

धोंड्याचं जेवण दुसऱ्या दिवशी होतं. टँकरची पाळी त्याच्याही पुढच्या दिवशी. ड्रम खडखडीत होता आणि घागरीत पिण्यापुरतं पाणी. मोहनराव म्हणाले, निभावून नेऊ.

"पाय कशानं धुयाचे?" सुभद्राबाईंनी विचारलं. "थुकीनं?"

चेरमनांना तांड्याचा टँकर आठवला. पलीकडच्या तांड्यावर जाणारा टँकर त्यांच्या परसामागच्या रस्त्याने जात असे. त्यांनी टँकरवाल्याला फोन केला. जेवणाच्या दिवशी भर दुपारी, गाव दारं लावून पडलेलं असताना, टँकर परसामागे थांबला. मोहनरावांनी स्वतःच्या करगोट्याला बांधलेली किल्ली काढून ड्रम उघडला, पाइप आत सोडला आणि पूर्ण वेळ गल्लीकडे तोंड करून उभे राहिले. ड्रममध्ये काहीतरी खडबडल्यासारखं झालं. पण ड्रममध्ये पाणी पडण्याचा आवाज ऐकून बरेच दिवस झाले होते. असाच असेल, असं त्यांना वाटलं. ड्रम गळ्यापर्यंत भरला, टँकर गेला, आणि त्यांनी झाकण लावून कुलूप घातलं. एवढी बिनबोभाट चोरी आयुष्यात पहिल्यांदाच जमली याचं त्यांना थोडं समाधानही झालं.

पाय धुतले. धोंडे झाले. जावयाने तूप नको म्हटलं आणि त्याला ते वाढलं. संध्याकाळी तो म्हणाला, उजेड छान आहे, कॅमेरा द्या. सुभद्राबाईंनी कमरेची किल्ली काढली आणि त्या परसाकडे गेल्या. मोहनरावांना आधी कळेना, कॅमेऱ्यासाठी ही बाई ड्रमकडे का निघाली. मग कळलं.

बाईचं काही चुकलं नव्हतं. ड्रमला झाकण, झाकणाला कुलूप, आत उंदीर नाही, धूळ नाही आणि पाणी येणार परवा. कॅमेरा त्यांनी स्वच्छ टॉवेलात गुंडाळून तळाला ठेवला होता. पाय धुवायला पाणी मोहनरावांनी स्वतः काढून दिलं, तेव्हा त्या पुरणापाशी होत्या. पाण्याची सोय झाली म्हणजे शेजारून उसनं आणलं असेल, असं त्यांनी धरलं होतं.

टॉवेलासकट कॅमेरा बाहेर आला तेव्हा त्याच्या काचेच्या आत पाणी हलताना दिसत होतं. हेमंतने तो हातात घेतला. नव्या जावयाला सासरी रागावता येतं, पण ते जेवणाआधी; धोंडे खाऊन झाल्यावर नाही. तो म्हणाला, होतं असं कधीकधी. बॅटरी काढली, कॅमेरा उलटा धरला आणि तांदळात ठेवायला हवा म्हणाला. घरात तांदूळ नव्हते. सुभद्राबाई ज्वारीचं पोतं ओढू लागल्या, तेवढ्यात हा पोरगा पिशवी घेऊन बाहेर पडलासुद्धा.

मोहनराव मागून धावत बद्रीनाथच्या किराणा दुकानाशी पोचले, तोवर हेमंतने तांदूळ कशाला हवेत ते सांगून टाकलं होतं.

"पाण्यात पडला?" बद्रीनाथ वजनाचं माप तसंच धरून म्हणाला. "कुटल्या पाण्यात?"

दुकानाच्या पायरीवर चौघं बसले होते, तेही वळून पाहू लागले. प्रश्न रास्त होता. गावात कॅमेरा बुडेल एवढं पाणी एका जागी असणं, हीच बातमी होती.

"दुधात," मोहनराव धापा टाकत म्हणाले. "डेअरीवर फोटो काढाया गेलते पाव्हणं. कॅनीत पडला."

हेमंतने सासऱ्याकडे पाहिलं, मग तांदळाकडे पाहिलं. "दुधातच," तो म्हणाला.

परत येताना मोहनरावांनी त्याला सगळं सांगितलं. टँकर, रांग, सभेतलं वाक्य. हेमंतने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच शंका काढली. "पण मामा, दुधात पडला तर त्याला दुधाचा वास यायला पाहिजे ना?"

"आमच्या डेअरीच्या दुधाला कुठला वास," मोहनराव सवयीने बोलून गेले.

हे खरंच होतं. चारा संपला होता, जनावरं हाडावर आली होती, पण गावचं दूध संकलन कमी झालं नव्हतं. प्रतिकूल परिस्थितीत सातत्य राखल्याबद्दल वरच्या दूध संघाने संस्थेला ढालही दिली होती. हे सातत्य कुठून येतं, असं चेरमनांनी कधी कोणाला विचारलं नाही. चेरमन असलं की काही गोष्टी न विचारणं हेच काम असतं.

तांदळाचा काही उपयोग झाला नाही. सकाळी हेमंतने कॅमेरा बीडला दुरुस्तीला द्यायचं ठरवलं. दुधाची गाडी चालवणारा भारत रोज बीडला जाई. त्याच्याकडे कॅमेरा देताना मोहनरावांनी बजावलं, विचारलं तर दुधात पडला म्हणून सांग. भारत हुशार नव्हता, पण आज्ञाधारक होता. त्याने दुकानात तसंच सांगितलं. दुरुस्तीवाल्याने कॅमेरा उघडला, आत बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाला, दूध असतं तर आत चिकटा झाला असता, दर्प मारला असता. हे निव्वळ पाणी आहे.

परतताना भारतने मांजरसुंब्याला चहा घेतला आणि दुधात पडलेल्या कॅमेऱ्यातून निव्वळ पाणी निघालं, ही गोष्ट धाब्यावर सांगितली. तो गावात पोचला तेव्हा गोष्ट त्याच्या आधी येऊन पारावर बसली होती.

मोहनराव रात्रभर कूस बदलत राहिले. टँकरचं बिंग फुटणार, पहाटे कोणीतरी येऊन विचारणार, असं त्यांनी मनात पक्कं केलं होतं. घरापुढे चप्पल वाजली की ते उठून बसत. पहाटे खरंच कडी वाजली. दारात बद्रीनाथ.

"चेरमन," तो दबक्या आवाजात म्हणाला, "कॅमेरा पडला ती कॅन माजी तर न्हवती ना? न्हाई, आमची पोरगी धार काढती. एखांद्या बारीला भांडं विसळल्यालं ऱ्हातं."

तो गेला आणि दुसरा आला. मग तिसरा. कोणी म्हशीला पाणी जास्त पाजलं गेलं म्हणत होता, कोणी बायकोवर ढकलत होता. टँकरबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मोहनरावांना पहिल्यांदा हायसं वाटलं. मग ते डेअरीवर गेले आणि त्यांचं हायसं वाटणं ओसरलं. त्या दिवशी संकलन निम्म्यावर आलं होतं. सगळं गाव एका रात्रीत प्रामाणिक झालं होतं, आणि वरच्या संघाला आता काय कळवायचं, हे सचिवाला सुचत नव्हतं. दुपारी संघातून फोन आलाच, की कालपर्यंतचं दूध कुठलं होतं?

संध्याकाळी डेअरीच्या पत्र्याखाली सभासद जमले. उपाध्यक्ष धोंडीराम बोलायला उठला. तो एरवी मोहनरावांच्या विरोधातला, पण त्या दिवशी त्याचा सूर समजुतीचा होता. म्हणाला, एका माणसाच्या पायी गावाच्या दुधाला बट्टा लागला आहे, तेव्हा तो माणूस ठरवला पाहिजे. कोणीतरी हळूच दगडाबाईचं नाव घेतलं. मग दोघातिघांनी घेतलं. दगडाबाई माळावरच्या धनगराच्या वस्तीतली. मेंढरं हाच तिचा धंदा, पण गेल्या वर्षी एक गाय घेतली होती आणि तिचं दूध ती चालत डेअरीला आणायची. तिचा ना गट होता, ना भाऊबंद. धोंडीराम म्हणाला, ठरलं. तिचं दूध बंद करू आणि वर तसं कळवू. एकेक खांदा सैल होताना दिसू लागला. दुष्काळात इतकं एकमत गावाने पाहिलं नव्हतं.

दगडाबाई बाजूला पत्र्याच्या खांबाशी उभी होती. ती रडली नाही की भांडली नाही.

"मोहनराव," तिने विचारलं, "तुमी बगितलं का माज्या कॅनीत पडताना?"

सगळे मोहनरावांकडे पाहू लागले. हो म्हणण्याची गरजही नव्हती. नुसतं खाली बघितलं असतं तरी भागलं असतं. ते खाली बघू लागलेही होते. पण घरून निघताना हेमंतही त्यांच्यासोबत आला होता आणि समोरच सतरंजीवर बसला होता. दुधातच, असं म्हणताना तो ताठ उभा होता, आता मांडी घालून, अगदी पोक काढून बसला होता. उद्या पुण्याला गेल्यावर हा पोरगा लेकीला काय सांगेल, एवढंच मोहनरावांच्या मनात आलं.

"कॅन कोणाचीच न्हवती," ते म्हणाले. "ड्रम माजा होता."

मग सांगावं लागलं. भर दुपार, परसामागचा रस्ता, पाइप. मग बद्रीनाथने विचारलं, "पूर्ण ड्रम?"

"गळ्यापरयंत."

एक मोठा, सुखाचा निःश्वास सभेतून गेला. कॅमेरा पाण्यात पडला होता, दुधात नाही. गावाचं दूध सुटलं. धोंडीरामने तिथल्या तिथे दोन ठराव मांडले. पहिला, संस्थेच्या दुधाच्या शुद्धतेवर सभेचा पूर्ण विश्वास आहे. दुसरा, रांगेचं काम मोहनरावांकडून काढून घेण्यात येत आहे. दोन्ही एकमताने मंजूर झाले. दुसऱ्या ठरावाच्या वेळी मोहनरावांनीही हात वर केला, सवयीने. चेरमनकीला कोणी हात लावला नाही. संघाला काय कळवायचं हे चेरमनांनी बघावं, असं ठरलं.

सभा सुटल्यावर हेमंत बाहेर येऊन मोहनरावांच्या शेजारी उभा राहिला. कॅमेरा काही दुरुस्त होणार नव्हता. भारतने तसा निरोप सकाळीच आणला होता. पोरगा मात्र मामा, चहा घेऊ, असं काहीतरी म्हणाला.

पलीकडून दगडाबाई आली. तिने आभार मानले नाहीत. मानावेत असं काही झालं आहे, असं तिला वाटत नसावं.

"परवा टँकर येईल," ती म्हणाली. "तुमी आता कुटं उबं ऱ्हाणार?"

"ते ठेवतील तितं," मोहनराव म्हणाले. "शेवटीच ठेवतील."

"शेवटी मी असती. दर बारीला."

"मग तुमच्या मागं."

दगडाबाईने थोडा विचार केला. "ब्येस झालं," ती म्हणाली. "मेंढरं वळवाया मधीच जावं लागतंय मला. तवर माज्या हंड्याकडं बगा. कुणी पुढं घुसलं तर बोला, गप ऱ्हाऊ नका."

मोहनराव बरं म्हणाले.