ऑप्शनला टाकलेलं आभाळ

मी आकाश आहे. अथांग, अनादी, चराचरावर छत्र धरणारं. निदान माझ्यासोबत आलेल्या चकचकीत माहितीपत्रकात तसं छापलं होतं. प्रत्यक्षात मी एक जुना सनरूफ आहे, मित्रांनो. दोन पाट शेजारी मांडले तर जेवढी जागा लागेल तेवढा माझा विस्तार, आणि आयुष्यातला बराच काळ माझ्याखाली एक सोलापुरी चादर ताणून बांधलेली. आकाशाला कुणी चादर बांधतं का? नांदेडला बांधतात.

ज्यांना सनरूफ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोटारीच्या चांगल्या छताला मुद्दाम भोक पाडतात, त्यावर काच बसवतात आणि ती उघडायला बटन देतात. घराच्या पत्र्याला भोक पडलं तर माणूस डांबर शोधत फिरतो. मोटारीला पडलं की पेढे वाटतो. सनरूफ तो की ती की ते, यावर अजून कुणाचं एकमत नाही. मी स्वतःला 'तो' म्हणवून घेतो. आपल्याकडे त्यात काही न करता मान मिळतो, असं माझ्या पाहण्यात आलं आहे.

माझा जन्म भट्टीतला. वाळू वितळली, काच झाली, ती वाकवून तिला काळसर झाक दिली. तपासणाऱ्या माणसानं माझ्यावर बोट फिरवलं आणि "पास" म्हणाला. माझ्या वाट्याला आलेलं विनाअट कौतुक एवढंच. पुढे जे झालं त्यात अटी फार होत्या.

माझी मालकीण शिवकांता. खरं तर मालकीण नव्हेच. नांदेडच्या एका बियाणं कंपनीत ती बीजोत्पादनाची अधिकारी. शेतकऱ्यांचे बियाण्याचे प्लॉट तपासायला भोकर, धर्माबाद अशी सारखी फिरणारी. कंपनीनं तिला चार वर्षांच्या लीजवर गाडी देऊ केली आणि सांगितलं, मूळ गाडीवर दोन जादा गोष्टी, त्यांच्या भाषेत 'ऑप्शन', तुमच्या पसंतीच्या निवडा. मुदत संपली की गाडी परत, आणि त्या जादा गोष्टीही गाडीबरोबरच परत.

दोनच गोष्टी निवडायच्या म्हटल्यावर घरात बैठक बसली. नवरा वैजनाथ कॉलेजात शिकवतो; त्याला चामड्याच्या सीट हव्या होत्या. एप्रिलात त्यावर बसून दाखवा, असं शिवकांता म्हणाली तेव्हा त्यानं पंख्याकडे पाहिलं आणि मागणी मागं घेतली. सासरे आप्पा, म्हणजे गुरुबसप्पा, यांचं म्हणणं एवढंच की गाडीला भोंगा दमदार हवा. आणि रेणापूरला शेती बघणारा धाकटा दीर संगमेश्वर, त्याला मी हवा होतो.

"वहिनी, सनरूफ बिगर गाडी म्हंजे कळसाबिगर देऊळ. मला पुढं बाजार समितीला उभं ऱ्हायचंय."

"उभं राहायला छताला भोक कशाला लागतंय, भाऊजी?"

"मग का बसून उभं ऱ्हाऊ?"

शिवकांतानं मात्र हिशेब सरळ ठेवला. "ही गाडी म्हणजे बटईचं रान आहे," ती म्हणाली. "रान दुसऱ्याचं, पिकातला वाटा तेवढा आपला. बटईच्या रानात कुणी आंबा लावतं का? चार वर्षांत जे हाताला येईल तेच पेरायचं. मला मागं बघायचा कॅमेरा पाहिजे, बांधावरून गाडी उलटी घ्यावी लागते. आणि पूर्ण मापाची स्टेपनी पाहिजे. हल्ली चाकाऐवजी पंक्चर बुजवायचा फेसाचा डबा देतात. भोकरच्या रस्त्यावर मी एकटी असते, डबा घेऊन काय करू?"

मित्रांनो, मी तेव्हा तिथं नव्हतो. हे सगळं मला पुढे तिच्याच तोंडून कळलं. पण असतो तरी मला ते पटलं असतं. ऐकायला वाईट वाटतं, एवढंच.

मग मी तिच्या डोक्यावर आलो कसा? एका शब्दामुळे.

शिवकांता लातूरला शिकलेली. तिकडच्या पोरांना हे सांगायला नको, की परीक्षेत धडा अवघड वाटला तर तो 'ऑप्शनला टाकायचा', म्हणजे सरळ सोडून द्यायचा. तिनं भूमितीची निम्मी प्रमेयं ऑप्शनला टाकून पहिला वर्ग मिळवला होता. लीजचं काम बघणारा माणूस हैदराबादचा. घरच्या आग्रहामुळे आधी माझंही नाव कळवलेलं होतं, म्हणून त्यानं फोन केला.

"मॅडम, कॅमेरा हय, सनरूफ हय, स्टेपनी हय. दोईच बैठते."

"तो सनरूफ को ऑप्शन में डाल दो ना, भैया."

"पक्का?"

"हाव हाव, पक्का. डालो ऑप्शन में."

"हौ मॅडम, डाल दिया."

दोघंही समाधानानं फोन ठेवून जेवायला गेले. असा माझा भाग्योदय झाला.

गाडी दारात आली तेव्हा शिवकांतानं आधी डिकी उघडली. चाकाच्या जागी फेसाचा डबा. मग तिनं वर पाहिलं. वर मी. ती काही बोलायच्या आत आप्पा शेजाऱ्यांना हाका मारून सांगू लागले होते. "सुनेनं स्वतःचं चाक सोडलं, पण दिराचा मान ठेवला!" संगमेश्वर रेणापूरहून हार घेऊन आला; एक गाडीला, एक वहिनीला. खरं सांगावं तर सगळे हसणार, लातूरची हुशार पोरगी एका शब्दाला चुकली म्हणून. ती गप्प बसली. आणि न केलेल्या त्यागाबद्दल तिचं कौतुक गावोगाव होत राहिलं.

त्या कौतुकाचा राग तिनं माझ्यावर काढला. पहिल्याच उन्हाळ्यात तिनं मला 'तवा' हे नाव ठेवलं आणि माझ्याखाली चादर बांधली. मी म्हणतो, ऊन मी बोलावलं होतं का? एकदा भोकरच्या अलीकडे टायर फाटलं. फेसाचा सगळा डबा तिनं त्यात रिकामा केला. फेस एका बाजूनं गेला आणि दुसऱ्या बाजूनं, साबणाच्या जाहिरातीसारखा, बाहेर आला. दुपारभर ती बाभळीखाली मदतीची वाट बघत उभी होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझ्या जागी चाक असतं तर!"

मित्रांनो, मला 'निरुपयोगी' म्हणा, मी ऐकून घेईन. पण मी चाक नाही, हा माझा दोष कसा? विहिरीला कुणी म्हणतं का, तू बैल का नाहीस? तेव्हापासून मी मनाशी ठरवलं, की आपण मान खाली घालायची नाही. तशी मला मान नाही, पण ठरवायला काय जातं.

घरासमोर कडुलिंब होता. लिंबोळ्या माझ्यावर पडत, घरंगळत, कडेच्या बारीक पन्हाळीत जाऊन बसत. पाणी वाहून नेणारी डावी नळी एका लिंबोळीनं पुरती बंद केली. मला कुणी उघडत नव्हतं, म्हणून कुणी साफही करत नव्हतं. पावसाचं पाणी माझ्या कडेला साचून राहिलं, धूळ, पानं आणि माझा अपमान यांच्यासह.

आणि मग, तिसऱ्या पावसाळ्यात, संगमेश्वर खरंच उभा राहिला. बाजार समितीला. प्रचारफेरीच्या आदल्या दुपारी तो पांढऱ्या कडक इस्त्रीत नांदेडला हजर झाला.

"वहिनी, चावी द्या. उद्या रेणापुरात रॅली हाय. पोरांनी बॅनर बी लावलंय. गाडीच्या वरून मी नमस्कार करून राहिलो, असा जोडून केलेला फोटू हाय."

"भाऊजी, उद्या मला भोकरकडं जायचंय. धुरपताबाईचा प्लॉट फुलावर आलाय. फुलातच भेसळीचं झाड ओळखू येतं. उद्या बघून पास केला नाही, तर त्यांचं सोयाबीन बियाणं म्हणून राहत नाही, तेलाच्या मिलला जातं."

"एका बाईचं सोयाबीन मोठं, का दिराची इज्जत?"

"सोयाबीन," शिवकांता म्हणाली.

आप्पांनी खुर्चीतूनच घसा साफ केला. "पोरी, असं काहून करतीस? तूच तर त्याच्यासाठी घेतलीस ती वरली खिडकी. हौसेनं दिलं आन् आता हात आखडतीस?"

दारातल्या कडुलिंबाखालून मला सगळं ऐकू येत होतं. मला वाटलं, देते आता चावी. तीन वर्षं गप्प बसलेलं माणूस चौथ्या वर्षीही बसतं, असा साधारण अनुभव आहे.

"मी घेतली न्हाई, आप्पा," ती म्हणाली. रागात तिची लातूरची बोली वर यायची. "मी ऑप्शनला टाकली होती."

"म्हंजे?"

आधी कळलं वैजनाथला. त्यानं आख्खी पदवी ऑप्शनला टाकत टाकत मिळवली होती. त्याचा चहा नाकात गेला. मग तिनं फोनवरचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, हैदराबादच्या 'हौ मॅडम'सकट. आप्पा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. संगमेश्वर मात्र लाल झाला.

"म्हंजे म्या तीन वर्सं गावभर सांगत हिंडलो, वहिनीनं माझ्यासाठी..."

"हिंडलात ते तुम्ही. मी गप बसले ही माझी चूक, ती आजपासून बंद. गाडी मला कामाला दिलीय. तुम्हाला उभं ऱ्हायचं, तर जमिनीवर उभं ऱ्हावा."

मित्रांनो, मी कारखान्यापासून बरीच भाषणं ऐकली आहेत. याच्याइतकं आखूड आणि पुरतं भाषण ऐकलेलं नाही.

"बरं ऱ्हायलं," संगमेश्वर म्हणाला. "हितंच, दारात, एक फोटू तरी काढू द्या. बॅनरपुरतं खरं होऊ द्या."

तेवढ्याला तिनं मान हलवली. तो गाडीत शिरला, माझी चादर ओढून फेकली, सीटवर उकिडवा बसला आणि त्यानं बटन दाबलं. बाहेर वैजनाथ मोबाइल धरून तयार.

आता सांगतो, आजवर मला माझं मत कुणी विचारलं नव्हतं. घेताना नाही, शिव्या देताना नाही, बॅनरवर छापताना तर नाहीच. त्यानं बटन दाबलं. मी कुरकुरलो. त्यानं पुन्हा दाबलं. मी हललो नाही. ज्या बाईनं मला तवा म्हटलं तिच्या बाजूनं, आणि ज्यानं मला हार घातला त्याच्याविरुद्ध, मी अडून बसलो. का, ते विचारू नका. तिनं निदान मला खोटं काही म्हटलं नव्हतं.

"जाम हाय व्हय रं तू?" म्हणत त्यानं दोन्ही हातांनी मला वर रेटलं. मग मात्र मी उघडलो. चार बोटं. आणि तीन पावसाळ्यांत जे काही जपून ठेवलं होतं ते सगळं, लिंबोळ्यांच्या काढ्यासकट, त्याच्या इस्त्रीवर सोडलं.

फोटो छान आला. तो बॅनरला चालला नाही.

दुसऱ्या दिवशी संगमेश्वर मित्राच्या उघड्या जीपमध्ये उभा राहिला आणि पुढे निवडूनही आला. लोकशाहीला माझी गरज नाही, हे मला तेव्हा समजलं. त्या सकाळी आम्ही भोकरच्या वाटेवर होतो. शिवकांतानं ओळीओळीतून फिरून प्लॉट पाहिला. बहुतेक झाडांना जांभळी फुलं. मधेच पांढऱ्या फुलांची दोनचार परकी झाडं निघाली, ती धुरपताबाईनं तिथल्या तिथं उपटली. प्लॉट पास झाला. मग धुरपताबाईला गावापर्यंत सोडायला गाडीत घेतलं. चादर घरीच राहिली होती. बाई मागं टेकून बसली आणि वर बघून थबकली.

"ह्ये काय वं, म्याडम? वर खिडकी कशाला?"

"चुकून आलीय," शिवकांता म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या की. जल्म गेला खाली बघून खुरपण्यात. बसल्या जागी आभाळ म्या आजच बघून राहिले." बाई गावापर्यंत वरच बघत राहिली. तिच्या घराशी गाडी थांबवून शिवकांतानंही मान मागं टाकली आणि पहिल्यांदाच माझ्यातून वर पाहिलं. ढग होते. चांगले होते.

मग ऊन आलं. तिनं मागच्या सीटवरचं बियाण्याचं रिकामं पोतं उचलून माझ्याखाली खोचलं.

आता लीज संपलं आहे. परतीच्या गाड्यांच्या आवारात मी धूळ खात उभा आहे. मला इथं सोडायला येताना नव्या गाडीसाठी शिवकांतानं पुन्हा हैदराबादला फोन केला तेव्हा मी ऐकत होतो. "स्टेपनी चाहिए. कॅमेरा चाहिए. सनरूफ नहीं चाहिए," ती म्हणाली, आणि 'ऑप्शन' हा शब्द तिनं जिभेवर येऊ दिला नाही. तिचं बरोबर आहे. तुम्हीही जादाच्या गोष्टी निवडताना आपला रस्ता कोणता, ऊन किती आणि रान कुणाचं, हे आधी बघा. बटईच्या रानात आंबा लावू नका. पण चुकून लागलाच, तर तो ज्वारी देत नाही म्हणून त्याला रोज बोल लावू नका. मी वाकलो फक्त भट्टीत. नंतर नाही.

परवा गाडी विकत घ्यायला एक पांढऱ्या कपड्यांतले गृहस्थ येऊन गेले. त्यांनी इंजिन पाहिलं नाही, चाकं पाहिली नाहीत. वर पाहिलं आणि हसले. तेही कुठल्याशा निवडणुकीला उभे राहणार आहेत म्हणे. उद्या गाडी धुवायला नेतील. तुमच्यापैकी कुणाची तिथं ओळख असेल, तर एवढा निरोप द्या: काच पुसली नाही तरी चालेल, पण डाव्या नळीतली ती लिंबोळी तेवढी राहू द्या.